गर्भनलिकेचा कॅन्सर: सुरुवात कुठे होते, पसरतो कसा आणि उपचार कोणते

ऑपरेशन होतं, आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं: 'हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, ट्यूबो-ओव्हेरियन'. घरचे गोंधळतात. डॉक्टर तर अंडाशयाचा कॅन्सर म्हणाले होते, मग हे ट्यूबचं काय? रिपोर्ट चुकला की निदान चुकलं? बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. ज्याला आपण वर्षानुवर्षं अंडाशयाचा कॅन्सर म्हणत आलो, त्याच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आणि सगळ्यात घातक प्रकाराची, म्हणजे याच हाय ग्रेड सीरसची, सुरुवात पुष्कळदा अंडाशयात होतच नाही. ती शेजारच्या गर्भनलिकेत होते. हे एकदा नीट समजलं, की हा आजार इतका उशिरा का कळतो, ऑपरेशन एवढं मोठं का असतं आणि तो टाळण्यासाठी नेमकं काय करता येतं, हे सगळं उलगडत जातं.

गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात. प्रत्येकीची लांबी दहा-बारा सेंटिमीटर. गर्भाशयाकडे ही नळी अरुंद असते, अंडाशयाकडे रुंद होत जाते आणि शेवटी तिला बोटांसारख्या बारीक पाकळ्यांची झालर असते. अंडाशयातून सुटलेलं बीज ही झालर टिपते आणि आत घेते. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही नळी अंडाशयाला बंद जोडलेली नसते. झालरीचं तोंड थेट पोटाच्या पोकळीत उघडतं. या आजाराचं सारं वागणं त्या उघड्या तोंडातून ठरतं.

जुना समज कसा बदलला

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गर्भनलिकेचा कॅन्सर फार दुर्मीळ मानला जायचा. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा शेकडा एकाहूनही कमी धरला जाई. त्यामागे मोजण्याची पद्धतही होती. ऑपरेशनच्या वेळी अंडाशयात मोठी गाठ आणि नळीत थोडासा आजार दिसला, तर मूळ अंडाशयात आहे असं धरून नोंद व्हायची. मोठी गाठ म्हणजे मूळ जागा, हा हिशोब सगळ्यांनाच सरळ वाटत होता.

तो मोडला आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांमुळे. तुटलेला डीएनए दुरुस्त करायला मदत करणाऱ्या बीआरसीए जनुकात दोष असलेल्या काही स्त्रियांनी कॅन्सर होण्याआधीच खबरदारी म्हणून अंडाशय आणि नळ्या काढून घेतल्या होत्या. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या पॅथॉलॉजिस्टांनी अशा नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिल्या, तेव्हा कॅन्सरपूर्व बदल नळ्यांच्या अस्तरात दिसले. अंडाशयात तसं काही नव्हतं. पुढे बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये ख्रिस्तोफर क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण झालरीचे पातळ काप करून तपासण्याची पद्धत बसवली. त्याआधी नळीचा एखाद-दुसरा तुकडा पाहून काम भागवलं जाई. आता शोधायला लागल्यावर झालरीत जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे, अस्तरापुरतेच मर्यादित कॅन्सर सापडू लागले. पॅथॉलॉजीत त्यांना 'स्टिक' म्हणतात. नळीतल्या 'स्टिक'मध्ये पी-५३ या जनुकाचा जो बिघाड असतो, हुबेहूब तोच अंडाशयातल्या गाठीत सापडतो, म्हणजे दोन्हीकडच्या पेशी एकाच कुळातल्या.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाचा अंदाज असा, की नळीतल्या या ठिपक्यापासून अंडाशयातल्या कॅन्सरपर्यंत साडेसहा-सात वर्षं जातात आणि तिथून पुढचा फैलाव मात्र झपाट्याने होतो. अभ्यास मोजक्याच रुग्णांचा होता, तरी त्यातून आशा वाटावी असं काही आहे. इतकी वर्षं हा आजार एका चिमुकल्या जागेत असतो. फक्त आज तरी तिथे तो पाहण्याचं साधन आपल्याकडे नाही.

हे सगळं हाय ग्रेड सीरस या प्रकाराबद्दल चाललं आहे. अंडाशयाचे इतर कॅन्सर वेगळ्या वाटेने येतात. काही एंडोमेट्रिओसिसमधून, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजारातून होतात, काही बीजपेशींपासून आणि तेही कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये. त्यांचे उपचारही वेगळे असतात, म्हणून रिपोर्टमधला प्रकार नीट वाचून घ्यावा.

स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ पासून अंडाशय, गर्भनलिका आणि पोटातलं अस्तर म्हणजे उदरावरण, या तिघांच्या कॅन्सरसाठी स्टेज ठरवण्याची एकच पद्धत ठेवली आहे. उपचारही एकच. त्यामुळे 'नक्की कुठला' या प्रश्नावर रुग्णाच्या घरच्यांनी झोप घालवू नये.

पसरतो कसा

बहुतेक कॅन्सर आधी शेजारच्या भागात घुसतात, मग लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड) किंवा रक्तात शिरून दूर जातात. हा कॅन्सर या वाटाही धरतो, पण त्याची मुख्य वाट वेगळी आहे. झालरीवरच्या पेशी सुटतात आणि सरळ पोटाच्या पोकळीत पडतात. शेतात बी फोकून द्यावं तशा त्या जागोजागी जाऊन पडतात आणि जिथे रुजतील तिथे वाढतात.

पोटात नेहमीच थोडा द्रव असतो. आतड्यांना घसरायला मदत व्हावी म्हणून. श्वासाबरोबर आणि आतड्यांच्या हालचालीबरोबर हा द्रव फिरत राहतो. तो ओटीपोटातून मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेने वर चढतो आणि श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली, यकृताच्या माथ्यावर पोचतो. पेशीही त्याच प्रवाहात वाहतात. म्हणून आजार सुरू होतो ओटीपोटात आणि स्कॅनमध्ये ठिपके दिसतात यकृताच्या वर. घरच्यांना वाटतं की लिव्हरला कॅन्सर गेला. पुष्कळदा तो यकृताच्या पृष्ठभागावर असतो, आत नसतो आणि या फरकाने स्टेज बदलते. यकृताच्या पृष्ठभागावर असेल तर तिसरी, आतल्या मांसात असेल तर चौथी.

आतड्यांच्या पुढ्यात चरबीचा एक पदर लोंबत असतो, त्याला ओमेंटम म्हणतात. या पेशींना ती जागा फार मानवते, कारण तिथल्या चरबीच्या पेशींकडून त्यांना वाढीसाठी इंधन मिळतं. थोड्याच काळात तो मऊ पदर कडक थर बनतो आणि पोट तपासताना डॉक्टरांच्या हाताला लागतो. आतड्यांवर हा आजार बाहेरून चिकटतो, त्यामुळे आतून दुर्बीण घातली तर सगळं स्वच्छ दिसू शकतं. वाढत गेला की आतडी एकमेकांना चिकटतात, गॅस अडतो, उलट्या होतात.

पोटात पाणी होतं ते दोन कारणांनी. गाठींमुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि श्वासपटलाखालच्या ज्या बारीक लसीकावाहिन्या हा द्रव शोषून घेतात, त्या पेशींनी तुंबतात. पाणी वाढतं, पोट ताणतं, जेवण जात नाही. काहींमध्ये ते श्वासपटल ओलांडून फुप्फुसाभोवती जमतं आणि दम लागतो.

लसीकाग्रंथींपैकी ओटीपोटातल्या आणि पाठीच्या कण्यासमोर महारोहिणी या मुख्य रक्तवाहिनीलगत असलेल्या ग्रंथींत हा आजार जातो. रक्तातून फुप्फुसात किंवा यकृताच्या आत तो सहसा उशिरा पोचतो.

स्टेजचा अर्थ आता सहज लागेल. पहिली म्हणजे नळ्या किंवा अंडाशयापुरता. दुसरी म्हणजे ओटीपोटात पसरलेला. तिसरी म्हणजे ओटीपोटाबाहेर पोटाच्या अस्तरावर किंवा पोटाच्या मागच्या लसीकाग्रंथींत. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात पेशी सापडल्या किंवा यकृत, फुप्फुस अशा अवयवांच्या आत आजार गेला तर चौथी. बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजलाच दवाखान्यात पोचतात आणि त्यात त्यांची हयगय नसते. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण 'इतके दिवस अंगावर काढलंस' हे वाक्य या बायकांना फार ऐकावं लागतं. नळीतला ठिपका दुखत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही आणि पोटात जागा भरपूर असते.

तक्रारी आणि तपासण्या

सुरुवातीच्या तक्रारी अगदी रोजच्या वाटणाऱ्या. पोट फुगल्यासारखं वाटणं, चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीला लागणं. वजन उतरतंय, पण परकराची नाडी घट्ट होतेय, असंही होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन महिने जातात. पन्नाशीच्या पुढे या तक्रारी नव्याने सुरू झाल्या आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिल्या, तर पोटाची आणि योनीमार्गाने करायची सोनोग्राफी करून घ्यावी. पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणं केव्हाही तपासलंच पाहिजे. पोटात कळ येऊन पाण्यासारखं जाणं आणि मग कळ थांबणं, ही गर्भनलिकेच्या कॅन्सरची जुन्या पुस्तकांतली खूण आहे, पण ती थोड्याच जणींत दिसते.

रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी उपयोगी आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. ३५ च्या वरचा आकडा जास्त धरतात. तो पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो आणि पोटाच्या टीबीतही वाढतो. टीबीचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. पोटात पाणी, वजन घटलेलं, सीए-१२५ शेकड्यांत. हे चित्र कॅन्सरचं असू शकतं तसंच टीबीचंही. टीबी असलेल्या तरुण मुलीला कॅन्सर समजून मोठं ऑपरेशन होणं जितकं वाईट, तितकंच कॅन्सर असलेल्या बाईने अंदाजाने टीबीच्या गोळ्या खात सहा महिने घालवणं वाईट. पाण्याची तपासणी आणि तुकडा काढून बायोप्सी, याशिवाय उत्तर पक्कं होत नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, या भीतीपोटी पसरलेल्या आजारात बायोप्सी नाकारू नये. मात्र एकाच अंडाशयात किंवा नळीत संशयास्पद गाठ असेल, तर ती सुईने टोचू नये आणि पोटात फोडून तुकड्यांनी काढू नये, अखंड काढावी. फुटली तर पहिल्या स्टेजच्या आजाराची वर्गवारी पुढे सरकते आणि एरवी कदाचित टळली असती ती केमो घ्यावी लागू शकते.

तक्रार नसताना दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी करून उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर याचा प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये त्याचे अंतिम निष्कर्ष आले. तपासण्यांमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सीए-१२५ घालून पैसे घेणाऱ्यांना नकार द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असते. नळीतला आजार तिच्यात कळत नाही.

उपचार

उपचाराचे दोन पाय आहेत, ऑपरेशन आणि केमोथेरपी. पेशी पोटभर विखुरलेल्या असतात, म्हणून ऑपरेशनही पोटभर होतं. गर्भाशय, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशय, ओमेंटम, अस्तरावरचे आजारी भाग आणि गरज पडली तर आतड्याचा तुकडा किंवा प्लीहा. डोळ्याला दिसणारा एकही ठिपका मागे राहू नये, हे उद्दिष्ट. किती उरलं यावर पुढचं आयुष्य फार अवलंबून असतं, त्यामुळे हे ऑपरेशन अशा कॅन्सरचा अनुभव असलेल्या गायनॅक ऑन्कॉलॉजिस्टकडेच व्हावं. त्यासाठी गाव सोडून मुंबई-पुण्याला जावं लागलं तरी जावं. लसीकाग्रंथींबद्दल विचार बदलला आहे. पूर्वी त्या सरसकट काढत. प्रगत आजारात दिसायला चांगल्या असलेल्या ग्रंथी काढून फायदा होत नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

तरुण मुलीत आजार एकाच बाजूला, अगदी पहिल्या स्टेजला सापडला, तर गर्भाशय आणि दुसरी बाजू राखता येते. मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधीच हे बोलून घ्यावं.

काही वेळा डॉक्टर आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या तीन केमो असा क्रम सुचवतात. 'आधी ऑपरेशन नाही म्हणजे केस हाताबाहेर गेली का?' असं नातेवाईक विचारतात. तसं नसतं. आजार फार पसरलेला असेल, पोटात खूप पाणी असेल किंवा रुग्ण अशक्त असेल, तर पहिल्या फेरीत सगळं निघण्याची शक्यता कमी असते. केमोने गाठी आकसतात, अंगात ताकद येते आणि ऑपरेशन जास्त सुरक्षित होतं.

केमोची ठरलेली जोडी म्हणजे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. दर तीन आठवड्यांनी, साधारण सहा वेळा. कार्बोप्लॅटिन पेशीच्या डीएनएला गाठी मारतं. पॅक्लिटॅक्सेल पेशी दुभंगताना लागणारी यंत्रणा जखडून ठेवतं. हे औषध मुळात अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालं. कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडं किती काम करतात यावर ठरतो, म्हणून प्रत्येक वेळी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. केस जातात आणि परत येतात. हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, तो लगेच सांगावा. केमोनंतर ताप १०० च्या वर गेला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

गाठींना नवीन रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून काहींना बेव्हॅसिझुमॅब जोडतात. खरा मोठा फरक पाडला तो पार्प रोखणाऱ्या गोळ्यांनी. पार्प हे डीएनएच्या दुरुस्तीत मदत करणारं प्रथिन. पेशीचा डीएनए रोज तुटत असतो आणि दुरुस्त होत असतो. बीआरसीएचा दोष असलेल्या कॅन्सरपेशीत दुरुस्तीची एक मुख्य वाट बंद असते, ती दुसऱ्या वाटांवर जगते. गोळीने पार्पची वाटही बंद केली की ती पेशी मरते आणि शरीराच्या निरोगी पेशी मात्र तगून जातात. केमोला चांगला प्रतिसाद दिलेल्या, बीआरसीए दोष असलेल्या प्रगत आजाराच्या रुग्णांना यांतलंच ओलॅपरिब हे औषध दोन वर्षं दिलं, तेव्हा सात वर्षांनी सुमारे ६७ टक्के जणी हयात होत्या. नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटात हे प्रमाण साधारण ४६ टक्के होतं. या आजारात असे आकडे आधी पाहायला मिळत नव्हते. या गोळ्यांनी रक्त कमी होतं, मळमळ होते, क्वचित रक्ताचा कॅन्सरही होतो, म्हणून नियमित रक्ततपासणी लागते. शिवाय त्या महाग आहेत. ऑपरेशन आणि केमोसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते. गोळ्यांचं काय करता येईल, हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत विचारावं.

प्रगत आजार पहिल्या उपचाराला बहुधा छान दबतो, पण बऱ्याच जणींत काही वर्षांत परततो. शेवटच्या कार्बोप्लॅटिननंतर सहा महिन्यांहून जास्त अंतर गेलं असेल, तर तेच औषध पुन्हा चालण्याची शक्यता चांगली असते. त्याच्या आत परतला तर वेगळी औषधं लागतात. दर तीन महिन्यांनी सीए-१२५ चा कागद हातात येईपर्यंत अख्खं घर श्वास रोखून बसतं. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. काही त्रास नसताना केवळ आकडा वाढला म्हणून घाईने केमो सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

आधीच टाळता येतो का

मूळ जर नळीत असेल, तर नळी काढली की पुष्कळ धोका जाईल, हा विचार सरळ आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून डॉक्टरांना तसं सांगितलं गेलं. दुसऱ्या कारणासाठी गर्भाशय काढताना किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करताना नळ्याही पूर्ण काढा, अंडाशय राहू द्या. अंडाशय राहिल्याने हार्मोन्स राहतात.

आपल्याकडे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बायका घरोघरी आहेत. त्यात नळी बांधतात किंवा मधला तुकडा काढतात, झालर तशीच राहते. याने धोका काहीसा घटतो, संपत नाही. 'पिशवी काढली, आता मला तिथला कॅन्सर होणार नाही,' हेही सरसकट खरं नाही. नळ्या आणि अंडाशय राहिले आहेत का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहावं. पण याचा उलटा अर्थ कुणी लावू नये. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची तरुण वयात गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये समोर आलं आणि त्यांतल्या कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली होती. कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून निरोगी बाईची पिशवी काढायला सांगणारा सल्ला चुकीचा आहे. ऑपरेशन दुसऱ्या खऱ्या कारणासाठी ठरलंच असेल, तेव्हाच नळ्यांचा प्रश्न विचारायचा.

बीआरसीए दोष असलेल्यांचं गणित वेगळं. बीआरसीए-१ असलेल्या शंभर जणींपैकी ८० वर्षांपर्यंत सुमारे ४४ जणींना अंडाशयाचा किंवा नळीचा कॅन्सर होतो, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ जणींना. त्यांना मुलं झाल्यावर नळ्या आणि अंडाशय दोन्ही काढण्याचा सल्ला असतो. बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात. पाळी एकाएकी जाते, हाडं आणि हृदयाची काळजी घ्यावी लागते, म्हणून हा निर्णय नीट समुपदेशनानंतरच घ्यावा. आधी फक्त नळ्या काढून अंडाशय नंतर काढले तर चालेल का, यावर अनेक देशांत अभ्यास सुरू आहेत.

हाय ग्रेड सीरस कॅन्सर झालेल्या दर पाच-सहा जणींमागे एकीत हा दोष जन्मतः असतो आणि त्यांतल्या कित्येकींच्या घरात आधी कुणालाच कॅन्सर झालेला नसतो. म्हणून प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व्हावी. रुग्णात दोष सापडला तर तिच्या सख्ख्या बहिणी, भाऊ, मुली आणि मुलगे, प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी असते. दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच विचारात घ्यायचा. नातेवाइकांना पूर्ण तपासणीची गरज नसते. रुग्णाच्या रिपोर्टची प्रत सोबत नेली तर फक्त तेवढाच दोष रक्तातून शोधतात आणि त्याचा खर्चही कमी येतो.